डीपीची घरघर

"चूक," रेवती सोनटक्के म्हणाली. "नुसती चूक असती तर मी काही बोलले नसते. ही आळशी चूक आहे."

सब-इन्स्पेक्टर तडसनं मान खाली घातली. चांगला सहा फुटी गडी, ठाण्यात त्याच्या आवाजानं भलेभले चळाचळा कापत. पण या वर्गात मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला की त्याचा आवाज बसायचा. एकट्या त्याचाच नाही, सगळ्यांचाच.

नागपूरच्या त्या संस्थेत पोलीस, पत्रकार, बँकांचे तपासनीस असे लोक शोध घ्यायला शिकायला येत. शोध कसा, तर उघड्यावर पडलेल्या माहितीतून. नकाशे, उपग्रहांची छायाचित्रं, सरकारी संकेतस्थळं, लोकांनी स्वतःच हौसेनं जगाला दाखवलेले फोटो. कुणाचं कुलूप फोडायचं नाही, कुणाचा फोन चोरून बघायचा नाही, खोटं सोंग घेऊन कुणाला बोलतं करायचं नाही. रेवतीनं पूर्वी एका वर्तमानपत्रात बातम्यांची शहानिशा करण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. खोटेपणाचा तिला मनस्वी तिटकारा, आणि आळसाचा त्याहून जास्त.

"मॅडम, 'नाडी'नं जे दिलं ते मी लिहिलं," तडस म्हणाला.

"मग तुमचा पगार 'नाडी'ला द्यावा का?"

वर्ग हसला. तडसही हसला, कानापर्यंत लाल होऊन.

ही 'नाडी' म्हणजे काय, ते सांगायला हवं. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढं-मागं हेलकावते. पन्नास म्हणायचं इतकंच. कुठं हजारो पंप एकदम सुरू झाले, कुठं एखादा कारखाना बंद पडला, की तो हेलकावा किंचित ढळतो, आणि देशभरचं जाळं एकमेकांना जोडलेलं असल्यामुळं सगळीकडं एकाच क्षणी ढळतो. हे ढळणं पुन्हा तसंच्या तसं कधी होत नाही. पंखा, फ्रिज, ट्यूबलाइट, वस्तीला वीज वाटणारी खांबावरची डीपी, सगळी त्याच तालावर बारीक घरघरत असतात. आपल्या कानाला ती घरघर जाणवत नाही, फोनला जाणवते. "जेवलास का रे" एवढाच निरोप तुम्ही बोलून पाठवता, पण त्याच्या तळाशी ही घरघर मुकाट्यानं जाऊन बसते. जुन्या नोंदींशी ती ताडून पाहिली की निरोप कधी बोलला गेला ते समजतं. इथवर जगाला ठाऊक होतं.

नवं होतं ते 'कुठं'. वीजचोरी पकडायची म्हणून गावोगावच्या डीपींवर नवे मीटर बसले आणि त्यांच्या नोंदी, पारदर्शकतेच्या उत्साहात, सगळ्यांसाठी खुल्या झाल्या. आता प्रत्येक डीपीखालचा संसार निराळा. कुठं पिठाची गिरणी, कुठं वेल्डिंगचं दुकान, कुठं घरोघरी सौर पत्रे. जो तो त्या घरघरीत आपलं काहीतरी मिसळतो, आणि घरोघरच्या आमटीची चव वेगळी असते तशी प्रत्येक डीपीची घरघर वेगळी होते. 'नाडी' ती चव ओळखायची. निरोप कोणत्या वाडीतून, कोणत्या गल्लीतून बोलला गेला, ते सांगायची. शोध लावणाऱ्यांना बक्षिसं मिळाली. आपल्या बोलण्याखाली आपला पत्ता चिकटलेला असतो हे लोकांना कुणी समजावून सांगितलं नाही, आणि लोकांनीही विचारलं नाही.

"हा निरोप काटोलच्या शीतगृहातून आला म्हणता," रेवती म्हणाली. "शीतगृहाचा कॉम्प्रेसर एकदा सुरू झाला की तासन्‌तास थांबत नाही. हे ऐका."

तिनं घरघर मोठी करून लावली. वर्गातले सगळे कान देऊन ऐकू लागले.

"चालते, थांबते, पुन्हा उठते. उठताना धाप लागते. हा पट्टा आहे. पट्ट्यावरून काहीतरी येतं, माणसं निवडतात, पेटीत भरतात, पेटी भरली की पट्टा थांबवतात. हंगाम कशाचा आहे?"

"संत्र्यांचा," तडस म्हणाला, आणि त्याची बोटं घाईनं चालू लागली. संत्री निवडून, मेण लावून पेट्या भरणारी तीन केंद्रं त्या भागात निघाली. एकाशेजारी गिरणी होती, तिची घरघर इथं नव्हती. दुसरं त्या दिवशी बंद होतं. राहिलं एक.

"पिंपळशेंडा," रेवती म्हणाली. "वरूडच्या अलीकडं. शाळेमागची डीपी. आता झालं उत्तर." तिनं खाली आपली मान्यता नोंदवली. अशा वेळी तिला फार बरं वाटायचं, आणि आजही वाटलं.

हा सराव खोटा नव्हता. हरवलेल्या माणसांची खरी प्रकरणं वर्गाला सोडवायला देण्याची पद्धत रेवतीनंच सुरू केली होती. शिकणाऱ्यांचा हात बसावा आणि कुणाचं तरी माणूस घरी यावं, दोन्ही साधावं म्हणून. मात्र तपासणाऱ्याचं मन कुठं झुकू नये यासाठी तिनंच एक कडक नियम घातला होता: तपासणाऱ्याला नाव कळू द्यायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही, निरोपातला बोलण्याचा आवाजही गाळून टाकायचा. उरेल ती नुसती घरघर. तिला सगळे सराव असेच मिळत. माणूस काढून घेतलेले.

मधल्या सुट्टीत तिनं डबा उघडला आणि आईचा फोन आला.

"रेवू, आधी बस बरं कुठंतरी. सापडली गं."

"काय सापडलं?"

"काय नाही, कोण ते विचार. आपली प्रणिता. आणि माझी मिथू."

रेवतीचा हात पोळीवरच राहिला.

"मिथूनं मला दिवाळीत निरोप पाठवला नव्हता का, कुणाच्या तरी फोनवरून? 'आजी, तुझी आठवण येते' म्हणून. गिरीशनं तो घेतला माझ्याकडून. म्हणाला, ताईच्या संस्थेत देतो. तुला सांगू नको म्हणाला, पण मला कुठं राहवतंय. आत्ता त्यांचा निरोप आला बघ. पिंपळशेंडा म्हणून गाव आहे वरूडकडं, शाळेच्या मागं. आम्ही निघतोच आहोत."

रेवतीनं डबा दूर सारला.

गिरीश तिचा धाकटा भाऊ. लग्नाच्या पंगतीत वाढायला सगळ्यांच्या पुढं, कुणाच्या आजारपणात रात्रभर दवाखान्यात बसणार, शेजाऱ्यांच्या पोरांना सायकल शिकवणार. गावभर त्याचं कौतुक. आणि घराचं दार लागलं की बायकोचे, प्रणिताचे हाल कुत्रं खाणार नाही. मीठ कमी पडलं म्हणून, फोन उशिरा उचलला म्हणून, काही नसलं तर काही नाही म्हणून. दीड वर्षापूर्वी प्रणिता पोरीला, मिथूला घेऊन घरातून निघून गेली, ती रेवतीच्या मदतीनं. फोन टाकून दे, बँकेच्या कार्डाला हात लावू नको, फोटोत येऊ नको, असं सगळं रेवतीनं तिला पढवलं होतं. आणि शेवटी बजावलं होतं, "कुठं जातेस ते मलाही सांगू नकोस. मला माहीतच नसेल तर माझ्याकडून कुणाला कळणार नाही."

शोध घेणाऱ्या माणसालाच सुचावी अशी ही खबरदारी. गावाचं नाव तिला ठाऊक असतं तर आज सकाळी 'पिंपळशेंडा' म्हणताना तिची जीभ अडखळली असती. ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं तडसचं चुकलेलं उत्तर खोडलं, बरोबर उत्तर लिहिलं आणि वर सही ठोकली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा तिनं स्वतःच्या हातानं तासून दिला होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आईला काही कळू देऊन चालणार नव्हतं.

"मला सोडून जाणार होय?" ती म्हणाली. आवाज कसा साधा निघाला तिचं तिलाच कळेना. "मीही येते. काटोल नाक्यापाशी थांबा. मी सुटी टाकून तासाभरात पोचते."

"खरंच येतेस?" आईला भरून आलं. "बाई गं, मला वाटलं होतं तू तिचीच बाजू घेशील. थांबतो आम्ही. ये हळूच, घाई नको."

खोटं सोंग घेऊन कुणाला फसवायचं नाही, असं रोज वर्गात सांगणारी बाई. तिनं डबा तसाच टाकला आणि संचालकांच्या खोलीत शिरली.

डॉक्टर केळापुरे हे गृहस्थ उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांपैकी. वर्गात कधी फिरकले नाहीत, पण वर्गाबद्दल भाषणं द्यायला सगळ्या शहरांत जाऊन आलेले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आजच्या प्रकरणात तक्रार कुणाची होती ते तुम्हाला माहीत होतं?" रेवतीनं उभ्यानंच विचारलं.

"होतं."

"सोनटक्के आडनाव वाचून काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. म्हणून तर नियम जास्तच कसोशीनं पाळला. तपासणाऱ्याला नाव कळू द्यायचं नाही. नियम तुमचाच आहे, मॅडम."

"आणि पत्ता आधी फक्त पोलिसांना द्यायचा, पोलीस त्या माणसाला भेटून विचारणार, आणि त्याची इच्छा असली तरच घरच्यांना कळवणार, हा नियम कुणाचा होता?"

केळापुरेंनी चष्मा पुसायला घेतला. "तो बदलला. पोलीस फार वेळ घेतात हो. घरची माणसं डोळ्यांत प्राण आणून बसलेली असतात. थेट कळवलं की आशीर्वाद देतात. पेपरातही येतं. परिपत्रक काढलं होतं आपण, तुम्ही वाचलं नसेल."

"नवऱ्याच्या मारानं घर सोडलेली बाई हरवलेली असते का, सर?"

"ते आपण कसं ठरवणार? आपलं काम शोधण्याचं."

"शोधायला तर कुत्रंही शोधतं," रेवती म्हणाली. "त्याला निदान कुणाच्या अंगावर जायचं नाही एवढं शिकवलेलं असतं. आज त्या बाईला काही झालं ना, तर पेपरात तुमचं नाव मी आणीन. आशीर्वादासकट."

"तुम्ही रागात आहात."

"आहे. तुम्हीही असायला हवं होतं."

दाराबाहेर तडस उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, आणि ऐकलं नाही असं दाखवण्याचं नाटकही केलं नाही. "गाडी आहे माझी," तो म्हणाला. "काटोल नाका टाळून सावनेरकडून जाऊ. थोडं लांब पडते, पण गाठू."

वाटेत त्यानं दोन-तीन फोन केले. वरूडच्या ठाण्यातला एक हवालदार त्याच्या ओळखीचा निघाला, तो गावाकडं यायला निघाला. मग रेवतीनं त्याला गिरीशचं आणि प्रणिताचं थोडक्यात सांगितलं. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा लागल्या.

"मॅडम, राग येऊ देऊ नका, पण एक विचारतो. तक्रार आहे का काही? भावाविरुद्ध? कधी नोंदवलेली?"

"नाही."

"मग कागदावर तो बायकोला शोधत फिरणारा नवराच आहे. हवालदार येईल, पण करणार काय? तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, ती अडचण नाही. सांगणारं माणूस पाहिजे. पाहणारं माणूस असलं तं मग उत्तमच."

रेवतीच्या पर्समध्ये फोन सारखा थरथरत होता. आई होती, नाक्यावर वाट बघणारी. मग एकदा गिरीशचा आला. मग बंद झाला, म्हणजे त्यांना कळलं होतं आणि ते निघाले होते.

पिंपळशेंड्यात शाळेमागं पत्र्याची मोठी शेड होती. आत पट्टा चालत होता, थांबत होता, पुन्हा धापा टाकत उठत होता. रेवतीनं सकाळी ऐकलेली घरघर ती हीच. आता तिच्यासोबत माणसंही दिसत होती. बायका रांगेनं उभ्या राहून संत्री निवडत होत्या. दारातच एका धिप्पाड बाईनं तिला अडवलं.

"कोन पाह्यजे तुमाले?"

"प्रणिता."

"अशी कोनी नाही इथं," बाई म्हणाली आणि दारात आडवी उभी राहिली.

"राहू द्या, बेबीताई," आतून आवाज आला. "माझी नणंद आहे."

प्रणिता बाहेर आली. अंगावर कामाचा ढगळ सदरा, हाताला मेणाचा वास. रोडावली होती, पण ताठ चालत होती. रेवतीला बघून तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच विझला. हुशारच होती ती.

"ताई, तुम्ही कशा आलात? मी तर तुम्हाला सांगितलं नव्हतं."

"मिथूनं आजीला निरोप पाठवला होता."

"माझ्या फोनवरून," बेबीताई मधेच म्हणाली. "पोरगी रडून राह्यली होती, मी म्हटलं घे, बोल. नंतर माहीत पडलं तं सिमच काढून फेकलं मी."

"त्यावरून शोधलं," रेवती म्हणाली.

"कुणी?"

"मी."

तिनं सगळं सांगितलं. गाळलेला आवाज, पट्टा, तीन केंद्रं, सही. प्रणिता हाताची घडी घालून ऐकत होती. रेवतीला वाटलं, आता ही ओरडेल, शिव्या देईल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ते येतायत," रेवती म्हणाली. "वाटेत असतील. गाडी आहे आपल्याकडं. मिथूला शाळेतून घेऊ आणि निघू. यावेळी मी नीट..."

"कुठं निघू?"

"कुठंही. मी बघते काहीतरी."

"डीपी नाही असं एक गाव सांगा," प्रणिता म्हणाली. "लगेच येते."

रेवतीनं तिचा हात धरला, तो प्रणितानं सोडवून घेतला.

"पोरीनं तोंडच उघडायचं नाही का आता? वर्गात कविता म्हणायची नाही, मैत्रिणीला निरोप द्यायचा नाही? मी दीड वर्ष मुकी राहिले. बाजारात मुकी, दवाखान्यात मुकी. तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं, ताई. फोन टाकला, नाव बदललं, फोटोत नाही आले. आणि तो? त्याचं काय बदललं? तो सगळ्यांच्या लग्नांत जिलेबी वाढत फिरतोय."

"मी तुला वाचवायला बघत होते गं."

"लपवायला," प्रणिता म्हणाली. आता तिचा आवाज चढला. पट्ट्यावरच्या बायकांनी हात थांबवले. "मला लपवलंत. त्याला कधी उघडं पाडलं नाहीत. माझा हात मोडला त्या दिवशी तुम्ही दारात उभ्या होतात. पाहिलंत तुम्ही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तर 'जिन्यावरून पडली' असं कोण म्हणालं? मी नव्हे, मला तर बोलताच येत नव्हतं. जगातल्या एकूण एक माणसाचं खरं-खोटं तुम्ही शोधून काढता. आपल्या घरातलं तेवढं झाकून ठेवलंत. मी हरवले की सगळ्यांचीच सोय झाली. आईंना सून पळून गेली म्हणून रडता आलं, तुम्हाला आईंकडं सणावाराला जाता आलं, आणि त्याला बिचारा होता आलं."

एकेक शब्द रेवतीच्या कानशिलात बसला. तिला राग आला. आधी प्रणिताचाच आला, खोटं कशाला सांगा. एवढं करून हिनं असं बोलावं. मग त्या रागाला धरायला काही सापडेना, कारण प्रणिता जे म्हणत होती त्यातलं एकही अक्षर खोडता येण्यासारखं नव्हतं. इतरांच्या उत्तरांवर लाल रेघा ओढण्यात हयात गेलेल्या बाईला ते चटकन कळलं.

गाडीचा हॉर्न वाजला.

गिरीश उतरला तो हसतच. पांढराशुभ्र शर्ट, हातात खेळण्याचा खोका. मागच्या दारानं आई उतरली, गुडघ्यावर हात ठेवून. त्याच वेळी शाळा सुटली होती, आणि कुंपणाच्या फटीतून मिथू धावत येत होती. आजीला बघताच दप्तर टाकून ती थेट तिच्या कमरेला जाऊन बिलगली. आई तिच्या केसांवरून हात फिरवत रडू लागली. तिचं रडणं खरं होतं, तेवढ्यात तरी काही खोट नव्हती.

"नाक्यावर ताटकळत ठेवलंस ना आम्हाला," गिरीश म्हणाला. "असू दे. चूक आमचीच, तुला आधी सांगितलं नाही. पण ताई, मानलं तुला. पोलिसांना जमलं नाही ते तू केलंस. शेवटी घरचंच माणूस कामाला येतं." मग प्रणिताकडं वळून अगदी मऊ आवाजात, "चल. किती वाळलीस. झालं गेलं विसरून जाऊ."

प्रणिता एक पाऊल मागं सरकली. बेबीताई पुढं झाली, तिच्यामागून आणखी दोघी-तिघी आल्या. मिथूनं बापाकडं पाहिलं आणि आजीच्या पदराआड तोंड लपवलं. आईला ते जाणवलं असणार. तिनं पदर घट्ट धरला.

तडस आणि हवालदार फाटकातून आत आले. हवालदार पोट सुटलेला, घामाघूम झालेला. त्यानं सगळ्यांकडं एकदा पाहून घेतलं.

"काय मामला आहे?"

"घरगुती आहे हो," गिरीश म्हणाला. "बायको रुसून आली होती. संस्थेनं शोधून दिली, हे बघा पत्र. पोलीस तक्रारही आहे माझी, हरवल्याची."

"मी रुसून आले नाही," प्रणिता म्हणाली. "मार खाऊन आले. हा हात मोडला होता, वळत नाही अजून पुरता. मला यांच्याबरोबर जायचं नाही, आणि मला तक्रार द्यायची आहे."

हवालदारानं फोन काढला, बोलणं नोंदवायला सुरुवात केली, वही उघडली आणि तडसकडं पाहिलं. "साहेब, बाई म्हणते मारलं, हे म्हणतात रुसली. दीड वर्षाची जुनी गोष्ट. दवाखान्याच्या कागदावर काय आहे?"

"जिन्यावरून पडली," गिरीश चटकन म्हणाला. "कागद आहे माझ्याकडं."

"कुणी पाहिलं होतं का?"

पट्टा बंद होता. प्रणिता रेवतीकडं बघत नव्हती. ती जमिनीकडं बघत होती, कारण मागायचं ते सगळं तिचं मागून झालं होतं. रेवतीकडं बघत होती ती आई.

"रेवू," आई हळूच म्हणाली. "आपलेच दात, आपलेच ओठ. घरी जाऊन काय ते मिटवू. पोरीसमोर नको. मी आहे ना, मी समजावीन त्याला."

"किती वर्षं समजावतेयस, आई?"

"तोंड सांभाळ," आई म्हणाली. आता आवाजात रडणं नव्हतं. "बोललीस तर मला मुलगी नाही असं समजेन मी."

गिरीश अजून हसत होता. त्याला खात्री होती. सगळ्या जन्मात ताई त्याच्याविरुद्ध एक शब्द बोलली नव्हती, आणि ज्या गोष्टीला कधी तडा गेला नाही तिच्यावर माणूस विसंबतोच. ते हसू पाहून रेवतीचा उरलासुरला संकोच जळून गेला.

ती हवालदारासमोर जाऊन उभी राहिली.

"नाव लिहा. रेवती दिगंबर सोनटक्के. याची सख्खी मोठी बहीण."

"ताई," गिरीश म्हणाला.

"गणपती बसले होते त्या दिवशी. स्वयंपाकघरात. यानं तिचा डावा हात दाराच्या फटीत धरला आणि दार ओढलं. चुकून नाही. एकदा ओढलं, तिच्याकडं पाहिलं आणि परत ओढलं. मी दारात होते, आरतीचं ताट घेऊन."

गिरीशचं हसू उतरलं. तो पुढं आला तसा तडस नुसता मधे येऊन उभा राहिला. आई संत्र्यांच्या पेट्यांवर मटकन बसली. मिथू तिला सोडून आईकडं, प्रणिताकडं गेली.

"हळू सांगा, बाई," हवालदार म्हणाला. "मग तुम्ही दवाखान्यात नेलं?"

"नेलं. डॉक्टरांनी विचारलं काय झालं. तर मी म्हणाले, जिन्यावरून पडली. ती नव्हे, मी म्हणाले. माझ्या शब्दावर तो कागद झालाय." रेवतीनं त्याच्या वहीत डोकावून पाहिलं. "लिहिलंत?"

"लिहितो. पण हे तुमच्यावरच येईल."

"येऊ दे. माझं हे आधी लिहा, मग त्याचं लिहा."